पाखरंवाल्या ताई

ताई वाळूत चालायच्या त्या घरात तान्हं मूल झोपलंय अशा. पाऊल टेकायच्या आधी दोनदा खाली बघणार. मागनं मी, माझे पाय म्हणजे दोन पोळपाट. "दादा, माझ्याच पावलांवर पाऊल ठेवा," म्हणायच्या. त्यांच्या पावलात माझी नुसती बोटं मावायची!

मी सिंगापुरात, बेडोकच्या एका मराठी खाणावळीत स्वयंपाकी. शाळा दुसरीत सुटली, म्हणजे शाळेनंच मला सोडलं. ताई नागपूरच्या, पक्ष्यांवर संशोधन करायच्या, राहायला बिशानला, डबा आमच्याकडचा. रविवारी त्यांची दुर्बीण उचलायला मी. समुद्रात भर टाकून केलेली ती जमीन म्हणजे सिंगापुरातलं वाळवंटच, नुसती वाळू नि चार झुडपं. तिथं सुरय पक्षी उघड्यावर अंडी घालायचे.

मी विचारलं, "एवढ्या उन्हात किती मिनिटांत उकडतात हो?"

ताई हसल्या नाहीत. "आई पोट भिजवून येते नि अंड्यांवर बसते. थंड ठेवायला. ती उठली की संपलं."

जमीन दाबून सपाट करायला तिथं रोलर फिरणारच होता. पण पिल्लं उडेपर्यंत तो कोपरा सोडायचं ताईंनी साइटच्या साहेबाकडून कबूल करून घेतलेलं, मागे लागून लागून. "अंडी कुठंयत ते फक्त तुम्हाला ठाऊक हं, दादा." मला आजवर कोणी गुपित सांगितलं नव्हतं. छाती फुगली. आता फुगलेली छाती कोणाला तरी दाखवायला नको?

आमच्याकडे एक पुण्याचे इंजिनिअर जेवायचे, गळ्यात कायम कॅमेरा. "तुला काय कळतंय रे पक्ष्यांतलं?" म्हणाले. झालं! मी ओट्यावरच्या पिठात बोटानं नकाशाच काढला.

"आईशप्पथ, कोणाला सांगत नाही," म्हणाले, नि मोबाइलवर फोटोवाल्यांच्या अख्ख्या ग्रुपला टाकलं.

रविवारी बघतो तर दहा-बारा कॅमेरे. आडवं येणारं गवत उपटलेलं. पाखरं वर घिरट्या घालतायत, खाली अंडी तापतायत. इंजिनिअर ओरडले, "ये ये, मस्त जागा दाखवलीस!" ताईंच्या देखत.

ताईंनी सगळ्यांना हाकललं, पण उशीर झाला होता. एक अंडं उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. चटका बसला. पक्षीच उरले नाहीत म्हटल्यावर साहेबानं त्याच आठवड्यात रोलर घातला. इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी जेवायला हजर, कढी परत मागितली. आणि मी वाढली.

पुढच्या वर्षी ताई डबा न्यायला आल्या. नाक उन्हानं सोललेलं, बुटांच्या शिवणीत पांढरी वाळू. मी विचारलं, "ताई, यंदा पक्षी कुठं बसलेत?"

"यंदा आलेच नाहीत हो, दादा."

मी वाळूकडे बघितलं नाही. म्हटलं, "बरं झालं, ताई. आले असते तर मी सांगितलं असतं."