दुपट्ट्याखालचा पगार

माझ्या सासऱ्यांना एक सवय होती. समोर आलेला माणूस नोकरदार आहे असं कळलं की ते पहिल्या पाच मिनिटांत त्याला विचारायचे, "पगार किती हाय तुमचा?" एसटीच्या कंडक्टरला तिकीट घेता घेता विचारायचे. डॉक्टरला नाडी दाखवता दाखवता विचारायचे. खामगावच्या स्टँडवर त्यांनी एकदा चक्क एका फौजदाराला विचारलं, आणि फौजदाराने गोंधळून खरा आकडा सांगून टाकला. सासरे म्हणाले, "बरा हाय." त्यावर फौजदारही म्हणाला, "हो, बरा आहे तसा."

आमच्या घरी याच्या अगदी उलट. माझे वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी उभ्या जन्मात माझ्या आईला आपला पगार सांगितला नाही. आईनेही विचारला नाही. पगार म्हणजे अंगातली बंडी, ती असते एवढं सगळ्यांना ठाऊक, पण काढून दाखवायची नसते, अशी आमच्याकडची समजूत.

त्यामुळे मुलगी पाहायला आम्ही वडनेर भोलजीला गेलो तेव्हा जे झालं ते वडील पुढे कित्येक वर्षं विसरले नाहीत. सासऱ्यांची थोडी शेती होती आणि बैलांच्या दलालीत ते मुरलेले होते. मला त्यांनी आधी उभं असताना पाहिलं, मग बसताना पाहिलं. दात तेवढे पाहिले नाहीत. मुलगी चहा ठेवून आत गेली न गेली तोच त्यांनी प्रश्न टाकला.

"पगार किती हाय पोराले?"

वडील खोकले. म्हणाले, "देवाच्या दयेने पोटापुरतं आहे."

"पोट केवढं हाय ते दिसूनच राह्यलं. पगार किती?"

वडील म्हणाले, "दुकान मोठं आहे, शेठजी सज्जन आहेत."

"शेठजीले थोडी पोरगी देऊन राह्यलो मी?"

वडिलांनी चहाची बशी तोंडाला लावली. मीच खाली मान घालून म्हणालो, "साठ."

आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. नवऱ्याचा पगार लग्नाआधीच कळलेली आमच्या घराण्यातली ती पहिली बाई.

लग्न झालं आणि आम्ही मेहकरला दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी एका अडत दुकानात लिखापढीचं काम करत होतो. शेतकऱ्याचा माल यायचा, त्याचं वजन, हिशेब, पट्टी असं सगळं. माझ्या शेजारच्या गादीवर दिवाणजी बसत. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. शेठजींच्या लग्नात त्यांनी अक्षता वाटल्या होत्या, इतके जुने.

शेठजींची पगार वाटायची एक रीत होती. एकेकाला आतल्या खोलीत बोलवायचे, दार लोटायचे, पैसे हातात ठेवायचे आणि हळू आवाजात सांगायचे, "भाऊ, हे बाहेर बोलायचं नाही हं. दिवाणजीले तुमच्याहून कमी हाय. बुढा माणूस, त्याच्या मनाले लागन." मी गहिवरून बाहेर यायचो. एवढा जुना माणूस आणि माझ्याहून कमी! म्हणून दुपारचा चहा मी दिवाणजींना पाजायचो. गंमत अशी की तेही मला पाजायला धडपडायचे. चहावाला आला की आमची झटापट व्हायची. "मी देतो," "नाही, मी देतो," "तुम्ही ऱ्हाऊ द्या, तुमचा नवा संसार हाय." चहावाला कंटाळून म्हणायचा, "कोनी बी द्या, पन द्या."

साठ रुपयांत दोघांचं जेमतेमच भागायचं, तेव्हा मी वाढ मागायचं ठरवलं. चार दिवस मनात वाक्यं जुळवली. पाचव्या दिवशी शेठजी एकटे बसलेले पाहून पुढे झालो.

"शेठजी, जरा वाढीचं बोलायचं होतं."

"वाढ ना?" शेठजी लगेच सरसावून बसले. "काय सांगू भाऊ, यंदा कपाशीले वाढच नाही. गुडघ्याएवढी हाय अन् पिवयी पडून राह्यली. ज्वारीची वाढ बरी हाय म्हनतात, पन कनसात दाना भरला पाह्यजे."

"नाही, मी म्हणत होतो..."

"तुरीचं म्हनता? तुरीची वाढ आता कुठं सांगता येते?" असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि आपल्या नुकसानीचं असं काही वर्णन केलं की शेवटी मीच त्यांची समजूत घातली. "होईल शेठजी, सगळं ठीक होईल," असं म्हणून मी जागेवर येऊन बसलो.

घरी बायकोने विचारलं, "मांगतली का वाढ?"

"बोलणं झालं."

"किती वाढवतो म्हने?"

"कपाशी पिवळी पडली आहे," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी प्यायला उठलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासरे लेकीला भेटायला आले. बरोबर मिरच्या, वांगी आणि एक भलं मोठं कोहळं. रात्री जेवताना बापलेकीचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सकाळी मी दुकानात निघालो तर सासरे पायात वहाणा घालून दारात उभे.

"चाला, जवाईबापू. तुमचं दुकान तं पाहू द्या."

मी खूप कारणं सांगितली. आज गर्दी असते, धूळ असते. ते म्हणाले, "मी काय बैलबाजारात अत्तर लावून फिरतो का?" आणि चालू लागले.

दुकानात पोचल्यावर त्यांनी दिवाणजींना रामराम केला, त्यांच्या गादीच्या टोकाला टेकले, पाऊसपाणी विचारलं आणि मला जी भीती होती तेच केलं.

"दिवानजी, पगार किती हाय तुमाले?"

दिवाणजींच्या हातातला टाक थांबला. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं, म्हणजे माझ्यासमोर सांगितलं तर मला वाईट वाटेल या हिशेबाने. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साठ."

"हे पाहा," सासरे मोठ्याने म्हणाले, "आमच्या जवायाले बी साठच!"

दिवाणजी म्हणाले, "तुमाले कमी हाय म्हने..." मी म्हणालो, "शेठजी म्हणाले, तुम्हालाच कमी आहे." इतक्यात चहावाला आला. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणाचाच हात खिशाकडे गेला नाही. चहा सासऱ्यांनी पाजला, आणि पैसे देता देता चहावाल्यालाही महिन्याचं काय सुटतं ते विचारून घेतलं. त्याला पंच्याहत्तर सुटत होते.

शेठजी आले. पाहुणा माणूस म्हणून त्यांनी सासऱ्यांना गादीवर बसवलं, लोड दिला, पान दिलं. सासऱ्यांनी पान गालात धरलं आणि म्हणाले, "शेठजी, वाढीचं बोलाले आलो."

"वाढ? अहो, यंदा कपाशीची..."

"कपाशी घरी मी रोज पाहतो. जवायाची वाढ म्हनून राह्यलो मी."

शेठजी हसले. दुकानात हमाल होते, दोन-चार शेतकरी होते, सगळ्यांचे कान इकडेच. शेठजी म्हणाले, "असं चारचौघांत कसं बोलायचं, पाटील?"

"कोन म्हनते बोला म्हनून?" सासऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आपल्या उजव्या हातावर टाकून हात पुढे केला.

तेव्हा आमच्याकडे बैलाचा आणि मालाचा भाव पुष्कळदा तोंडाने करत नसत. दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव करायचा. किती बोटं धरली, कशी धरली, ते त्या दोघांनाच कळायचं. बाहेरच्यांना फक्त दुपट्टा हललेला दिसायचा. शेठजींची सगळी हयात त्यात गेलेली. पुढे आलेला दुपट्टा पाहून त्यांना राहवलं नाही. त्यांचा हात आपोआप खाली गेला.

मी अडीच हातांवर उभा होतो आणि माझ्या पगाराचा सौदा चालला होता, पण मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दुपट्टा एका बाजूने उचलला गेला. शेठजींनी मान हलवली. "जमत नाही." दुपट्टा दुसऱ्या बाजूला सरकला. सासरे म्हणाले, "हे तं काहीच नाही, शेठजी. दात पाहा, चाल पाहा." शेठजी म्हणाले, "चाल मंद हाय." "मंद हाय, पन मारकं नाही." हमाल हसायला लागले. शेठजींनी मध्येच हात झटकला, सासऱ्यांनी तो परत पकडला. मग दुपट्टा बराच वेळ स्थिर राहिला आणि एकदम दोघे म्हणाले, "झालं."

"किती झालं?" मी विचारलं.

दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की जणू बैलच बोलला.

"पयल्या तारखेले कयीन," सासरे म्हणाले.

"अहो पण तुम्ही सगळ्या जगाला पगार विचारता, आणि माझा मलाच सांगत नाही?"

"इचाराचा उघड्यावर, भाव कराचा झाकून. चारचौघांत शेठजीच्या तोंडून एकदा नाही निंगालं, का त्याइले मांगं येता येत नाही."

हे दिवाणजी ऐकत होते. ते टाक ठेवून उठले, जवळ आले आणि सासऱ्यांना म्हणाले, "पाटील, माह्यं बी करता का?"

"मी काय तुमचा सासरा हाय? तुमचं तुमी धरा." सासऱ्यांनी दुपट्टा त्यांच्या हातावर टाकला.

दिवाणजी शेठजींसमोर बसले. इतकी वर्षं त्यांनी हजारो सौद्यांची नोंद केली होती, पण दुपट्ट्याखाली हात कधी घातला नव्हता. त्यांनी शेठजींचा हात धरला खरा, पण पुढे काय करायचं ते त्यांना कळेना. बोटं दाबणं नाही, सोडणं नाही. नुसताच हात धरून बसले. शेठजी वाट पाहत होते. थोड्या वेळाने शेठजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "दिवानजी, बोला ना काही." दिवाणजींचे डोळे भरून आले होते. "सोडा आता, दिवानजी. लोक पाहून राह्यले." तरी त्यांनी सोडलं नाही. शेवटी शेठजींनीच खाली काहीतरी केलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "पुरे?" दिवाणजींनी मान हलवली. आकडा त्यांना समजला होता की नाही कोण जाणे.

पहिली तारीख आली. दिवाणजी आतून आले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "ऐंशी." त्यांनी तो शब्द इतक्या मोठ्याने उच्चारला की रस्त्यावरचा एक माणूस थांबला. मग मी आत गेलो. शेठजींनी माझ्या हातावर पैसे ठेवले. मी मोजले. साठ.

"शेठजी, आणि वाढ?"

"ते गेली तुमच्या घरी," शेठजी म्हणाले. "सकायीच हमालाच्या हातून पाठोली. सौदाच तसा झाला, भाऊ."

मी तसाच घरी आलो. बायको चुलीपुढे बसली होती. मी काही बोलायच्या आत तिनेच सांगून टाकलं, "पंधरा आले. महिन्याच्या महिन्याले येतीन."

"माझी वाढ तुझ्या हातात कशी?"

"बाबानं केली ना."

"काम मी करतो!"

"त्याचे साठ भेटले ना तुमाले?"

शेजारच्या बिऱ्हाडातल्या बायकांना तिने हे आधीच सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत आळीतल्या दोघांनी मला गाठून विचारलं, की मामंजी पुन्हा कधी येणार आहेत? एकाचा साहेब तर फार कडक होता म्हणे, त्याला दुपट्टा जमेल का?

सासरे दिवाळीच्या सुमाराला आले तेव्हा मी त्यांना जरा घुश्शातच विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमी मांगतली असती, तं तुमच्या हातात पडली असती. मांगतली मी. मंग माह्या पोरीच्या हातात पडली."

दिवाणजींचं मात्र वेगळंच झालं. त्यांची भीड इतकी चेपली की ते गिऱ्हाइकांनासुद्धा आपला पगार सांगू लागले. पोस्टमन आला की "ऐंशी हाय मले" म्हणत, मग पत्र घेत. शेठजी वैतागले, पण आतल्या खोलीत बोलावून कानात सांगायची सोय आता उरली नव्हती. ते सगळ्यांना गादीवरच पगार देऊ लागले. त्यातून हमालांना एकमेकांचे आकडे कळले, आणि त्यांनी एक दिवस पोती उचलायची बंद केली. त्यांच्याशी शेठजींनी दुपट्टा न टाकताच बोलणं केलं.

बायकोने ते पंधरा रुपये खर्च केले नाहीत. दोन वर्षांनी तिने खामगावहून जुनं शिलाई मशीन आणलं. ते आणायला मी गेलो होतो, एसटीच्या टपावर चढवताना माझं बोट चेमटलं. आळीतल्या पोलक्यांपासून तिने सुरुवात केली आणि वर्षभरात लोणारकडच्या बायकासुद्धा बाजाराच्या दिवशी कापड घेऊन यायला लागल्या.

एके दिवशी मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. एक बाई कापड घेऊन आली. बायकोने ते उलगडून पाहिलं, टेपने मोजलं आणि मान वर न करता म्हणाली, "आजपासून शिलाई दीड रुपया."

मी पेपर खाली केला. मला वाटलं आता घासाघीस होईल, भांडण होईल, निदान कपाशीचा विषय तरी निघेल.

बाई म्हणाली, "बाही जराशी लांब ठेवजा मंग," आणि पिशवी उचलून बाजाराला निघून गेली.