स्पेलिंग घेणारी आत्या

माझ्या आत्याला इंग्रजी क्रियापदांची शेकडो स्पेलिंग तोंडपाठ होती. तिला एकही अक्षर वाचता येत नव्हते.

आज सकाळी वडिवळ्याला, सासरच्या घरी, ती वारली.

ही स्पेलिंग तिला कशी आली, ते नीट सांगतो.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. बेडशाजवळ आमची भाताची खाचरे. माझे वडील लोणावळ्यात नातेवाइकांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत आणि शनिवारी घरी येत. आत्या त्यांच्याहून लहान. तिला शाळेत घातलेच नव्हते. तिच्याकडे म्हशी होत्या.

गोंधळात पाडणाऱ्या क्रियापदांवर मास्तरांचा फार भर. चूक झाली की छडी.

रविवारी वडिलांना लावणीला उतरावे लागे. चिखलाच्या हातांनी पुस्तक धरता येत नसे.

म्हणून शनिवारी संध्याकाळी ते पुस्तकातली स्पेलिंग अर्थासकट आत्याला वाचून दाखवत. ती ऐकून डोक्यात ठेवी आणि दुसऱ्या दिवशी बांधावर बसून त्यांची परीक्षा घेई.

याला आमच्याकडे ‘स्पेलिंग घेणे’ म्हणत.

“लूज.”

“एल-ओ-ओ-एस-ई.”

“त्ये दावं ढिलं सोडायचं. म्हस हरवली त्ये सांग.”

“एकच ओ.”

“आदी कुटं गेलतास?”

दाव्याचे दोन पीळ, म्हणून दोन ओ. ही खूण तिची स्वतःची. पुस्तकात नव्हती.

एकदा तिने विचारले, “दादा, ह्यो ओ दिसतो कसा?”

“गोल.”

“भाकरीवानी?”

“व्हय. म्याट्रिक होऊ दे, मग समदी अक्षरं दावतो तुला.”

तिने हे वाक्य जपून ठेवले.

वडील मॅट्रिक झाले. स्पेलिंगमध्ये त्यांचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. लगेच रेल्वेत कारकुनी मिळाली.

त्याच उन्हाळ्यात आत्याचे लग्न झाले.

वडिलांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते वाईट नव्हते. ते विसरले.

आत्या आठवण करून देणाऱ्यांतली नव्हती.

मी बी.कॉम. झालो तेव्हा पेढे घेऊन वडिवळ्याला गेलो. पेढा हातात तसाच ठेवून ती म्हणाली, “अॅडव्हाइज. सल्ला द्यायचा त्यो.”

मी चकित होऊन स्पेलिंग सांगितले. शेवटी एस-ई.

“नीट हाय. तुझा बाप तितं सी घालायचा. लय मार खाल्लाय त्यानं.”

ती खूप हसली. मग तिने मला हे सगळे सांगितले. वडिलांनी कधीच सांगितले नव्हते.

मी विचारले, “आत्या, मी दाखवू अक्षरे?”

ती पदराने हात पुसून समोर बसली. “दाव.”

पाटीवर मोठा ए काढला. तिने पाटी डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे धरली, फिरवली.

“पांडरं कायतरी हाय. अक्षर न्हाई दिसत.”

तिला डॉक्टरांकडे नेले. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले : गेलेली नजर परत येत नाही.

परातीत पीठ पसरून मी तिचे बोट धरले आणि ओ काढला.

“ह्यो कळला. भाकर.”

मग एल, मग एस. तिचे बोट वळेना. तिने हात काढून घेतला.

“ऱ्हाऊ दे, बाळा. पीठ नासू नगं.”

त्यानंतर मी दोनदा विषय काढला. तिने दोन्ही वेळा म्हशीचा विषय काढला.

गेल्या रविवारी भेटायला गेलो. तिची सून म्हणाली, “भावजी, आत्याबाई दिसभर कायतरी बरळत्यात. आमाला कळत न्हाई.”

मी उशाशी बसलो. ती बरळत नव्हती. एक क्रियापद उच्चारायची आणि उत्तरासाठी थांबायची.

“ब्रीद.”

“बी-आर-ई-ए-टी-एच-ई,” मी म्हणालो.

“फुडं. राइज.”

मी सांगत गेलो. चूक होऊ दिली नाही.

बऱ्याच वेळाने तिने माझा हात चाचपला.

“दादा, आता येतंय की रं तुला समदं. म्याट्रिक कदी हाय?”

वडिलांना जाऊन कित्येक वर्षे झाली होती.

ती थांबली. उत्तरासाठी थांबायची तिला सवयच होती.

आत्या, अक्षरे दाखवायची राहिली. आता ती राहिलीच.

तुला शेवटचा नमस्कार.