माझ्या पाटावरची सुपारी

“ऊठ,” काकू म्हणाल्या.

मी पाटावर बसले होते. नऊ पाट मांडलेले, मी सातव्यावर. दुर्गाघाटाच्या गल्लीतलं गुरुजींचं घर, नवरात्रातली अष्टमी, कुमारिकापूजन. एक मुलगी कमी पडत होती म्हणून शेजारची सुमन मला घेऊन गेली होती. मला मराठी येत होतं, तेवढं तिला पुरे वाटलं. गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, परातीत माझे पाय धुतले, पुसले, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चक्क माझ्या पाया पडल्या. मला गुदगुल्या झाल्या. मी हसले. मग त्यांनी कौतुकानं विचारलं, “कुणाची गं तू?”

मी बाबांचं नाव सांगितलं. आडनावासकट, शाळेत शिकवलं होतं तसं, मोठ्यानं.

आम्ही बौद्ध. बाबा रेल्वेत, विदर्भातून इथं गंगेकाठी, हिंदी मुलखात बदली होऊन आलेले. मंगला गौरीच्या देवळाजवळ खोली घेतली, ती आसपास मराठी कानावर पडतं म्हणून.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या घाबरल्या. परातीतलं पाणी मोरीत ओतलं. माझ्याच फ्रॉकनं मला पायावरचं कुंकू पुसायला लावलं. पाटावर गंगाजल शिंपडलं. पण नऊ तर भरायला हवेत. मग त्यांनी माझ्या पाटावर एक सुपारी ठेवली. तिला हळदकुंकू लावलं, तिच्यापुढे माझं पान वाढलं. खीर, पुरी, वर दक्षिणा. मी उंबऱ्याबाहेरून बघत होते. सुमन खाली मान घालून जेवत होती.

चौथ्या दिवशी गुरुजी घाटावर घसरले. पूर ओसरला की पायऱ्यांवर गाळ राहतो, दरवर्षी कुणीतरी पडतं. त्या वर्षी ते पडले. डोक्याला मार लागला आणि आठवड्याच्या आत गेले.

नंतर एकदा नळावर, सगळ्या बायकांसमोर, काकूंनी माझ्याकडे बोट केलं. “पांढऱ्या पायाची. घरात शिरली नि माझा धनी घेऊन गेली.”

आईनं मला फरफटत घरी आणलं. “बाबांना सांगू नकोस,” म्हणाली. बाबा भांडले असते आणि खोली गेली असती. मी नाही सांगितलं. मी नऊ वर्षांची होते. एवढी मोठी बाई म्हणते म्हणजे खरंच असणार, असं मला वाटलं.

पुढची तीस वर्षं मला तसंच वाटत राहिलं. मी शिकले, इथंच बँकेत लागले, लग्न झालं. काउंटरवर लोक मला मॅडम म्हणायचे. पण बाळंतिणीच्या खोलीत मी पाऊल टाकत नसे. कुणी आजारी असलं की दारातूनच विचारपूस. संध्याकाळी घरी आले की पाय घासायचे, टाचा सोलवटेपर्यंत. नवरा म्हणायचा, स्वच्छतेचं वेड आहे. मी हसून वेळ मारून नेत असे.

मग बाबा हॉस्पिटलात पडले. तीन दिवस मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होते. आत डबा पाठवला, औषधं पाठवली. माझा पाय लागला तर बाबा जातील, एवढंच डोक्यात. तिसऱ्या दिवशी नर्स बाहेर आली. “बेटी को बुला रहे हैं.” मी उठले नाही. बाबा गेले. मी आत गेले नव्हते, तरी गेले.

तेव्हाही मी जागी झाले नाही. जागी झाले ते माझ्या मिनूमुळे. आठ वर्षांची पोर न्हाणीघरात घासणी घेऊन पाय घासत होती. मला म्हणाली, “मम्मी, मेरे पैर भी गंदे हैं क्या?” मी शिकवलं नव्हतं, पण तिनं रोज पाहिलं होतं. हे आता तिच्यात उतरत होतं.

शहरातल्या एका डॉक्टरीणबाई अशा जखमांवर आठ दिवसांचा सलग उपचार करतात. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. डोळे मिटून तो प्रसंग पहिल्यापासून सांगायचा, जणू आत्ता घडतोय. संपला की पुन्हा. मग डोळे उघडून, प्रसंग मनात धरून, त्यांच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. एरवी मी हिंदीत बोलते, पण तिथं तोंडातून मराठीच यायचं. अपमान मराठीतच झाला होता ना. बाईंना निम्मं कळायचं, बाकीचं त्या विचारून घ्यायच्या.

पहिले दोन दिवस मला वाटलं, मी मरणार. परातीतल्या पाण्याचा गारवा तळव्यांना जाणवायचा. दुपारी खाली उतरले की रिक्षावाल्याच्या जवळ उभं राहायची भीती वाटायची, त्यालाच काही झालं तर?

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, “वह तस्वीर देखते हुए अपने बारे में क्या मानती हैं?”

“माझ्या पायानं माणसं मरतात.”

“इसकी जगह क्या मानना चाहेंगी? मैं शुद्ध हूँ?”

त्यांनी चांगल्या मनानं सुचवलं होतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उभी राहिले.

“नहीं. शुद्ध-अशुद्ध उनका नाप है. मुझे उससे नपना ही नहीं है.”

बाईंनी कागदावरचं खोडलं. “ठीक है. आप बताइए.”

“माझे पाय नुसते पाय आहेत.”

हे किती खरं वाटतं, एक ते सात, बाईंनी विचारलं. सात म्हणजे पूर्ण खरं. त्या दिवशी मी दोन म्हटलं. आठव्या दिवशी सहा.

“सातवाँ कहाँ अटका है?”

“उस चौखट पर.” काकूंच्या उंबऱ्यावर.

त्याच आठवड्यात बँकेत ओळख झालेल्या एका बाईंचा फोन आला. अष्टमीला कुमारिका हव्या होत्या. “आता मराठी मुली मिळतच नाहीत हो. मिनूला पाठवाल ना?” तिनं पत्ता सांगितला. तेच घर. ही काकूंची सून. आडनाव तिनं विचारलं नाही. मुली कमी पडल्या की विचारत नसावेत.

अष्टमीला मी एकटीच गेले. दारात रांगोळी, आत नऊ पाट. मी उंबरा ओलांडला. काकू कॉटवर पडून होत्या, अगदी वाळलेल्या, डोळे मात्र तेच.

“मिनू येणार नाही,” मी सुनेला म्हटलं. मग काकूंकडे वळले. “मी ती. जिच्या जागी तुम्ही सुपारी ठेवली होती.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. आणि पुन्हा घाबरल्या.

“बाहेर हो,” म्हणाल्या.

आरती संपेपर्यंत मी तिथंच उभी राहिले. मग माझी मी निघाले.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. सून रडत होती. “आई गेल्या. तुम्ही येऊन गेलात आणि...”

तळव्यांना गारवा लागला. तोच. मी न्हाणीघरात कधी गेले, नळ कधी सोडला, कळलं नाही. घासणी हातात होती. मान वर केली तर दारात मिनू. ती माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होती.

मी नळ बंद केला. घासणी कचऱ्यात टाकली. फोन अजून चालू होता.

“त्या म्हातारपणानं गेल्या,” मी म्हटलं. “गुरुजी गाळावरून घसरून गेले. माझे बाबा आजारानं गेले. पण शेवटच्या घडीला मला त्यांचा हात धरता आला नाही, ते तुमच्या सासूबाईंमुळे. त्याबद्दल मी माफ करणार नाही. त्या गेल्या तरी नाही.”

फोन ठेवला. मिनूला जवळ बसवून सगळं सांगितलं. पाट, परात, सुपारी, कुणी केलं ते नावासकट. माझ्या आईसारखं तिला गप्प बसवायचं नाही. तिनं सगळं ऐकलं.

आता त्या गल्लीतलं कुणी माझ्या मुलीच्या पायांकडे तसं बघून दाखवावं. मी चपला घालून त्यांच्या देवघरापर्यंत जाईन.