सोनामुखी विकताना बसलेले धक्के

आमचा धंदा काय, असं कोणी विचारलं की मी आधी हातातला चहा संपवून घेते. कारण उत्तर ऐकून समोरचा एकतर फसकन हसतो, नाहीतर खुर्ची थोडी मागे सरकवतो. आम्ही सोनामुखी पिकवतो आणि विकतो. पोट साफ व्हायच्या चूर्णात जो हिरवट पाला असतो ना, तोच!

माझा थोरला भाऊ संजयदादा बरीच वर्षं चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथून बाहेर पडल्यावर त्याने मोशीला जमीन खंडाने घेतली आणि हे पीक लावलं. मी तेव्हा एका पेंटच्या फॅक्टरीत केमिस्ट होते. "तू रंग तपासतेस, पाला तपासायला काय जातंय?" असं म्हणून त्याने मलाही ओढलं. आता शेत त्याच्याकडे आणि भोसरीतला गाळा माझ्याकडे. वाळवणं, चाळणं, तपासणं, विकणं, सगळं मीच बघते. गाळ्यात पाल्याची पोती साठतात तसे किस्सेही साठतात. पोती निदान विकली तरी जातात! किस्से मात्र डोक्यातच राहतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी तर मला आ वासायला लावलंय.

*

जमीन तात्यांची. तात्या म्हणजे मोशीचे जुने शेतकरी. चारी बाजूंना टॉवर उभे राहिले, तरी यांनी आपला तुकडा विकला नाही. पहिल्या वर्षी पीक छान आलं, पिवळी फुलं धरली आणि दादाला कुंपणाची काळजी लागली. तारेची ऑर्डर द्यायला तो निघणार, तेवढ्यात तात्यांच्या शेळ्या थेट पिकात!

दादा बोंबलत धावला. मीही मागे. जाऊन बघतो तर शेळ्या शेताच्या मधोमध उभ्या. एकीनेही पानाला तोंड लावलेलं नाही. बांधावरचं गवत खाल्लं, दादाच्या जेवणाच्या डब्याची कापडी पिशवी खाल्ली, आणि निघाल्या परत.

आम्ही खूश. पण तात्यांचा चेहरा उतरला.

"दादा, ह्या माज्या शेळ्या कडुलिंब खात्यात. सिमिटाची पिशवी खात्यात. परवा सुनंची ओढणी खाल्ली. आन् ह्याला शिवल्या न्हाईत! हे तुमी मान्सांला घालनार?"

"औषध आहे तात्या. शहरातली माणसं घेतात."

तात्यांनी मान वर करून टॉवरकडे बघितलं.

"तरीच मी म्हनतोय," ते म्हणाले, "येवडी संडासं कशापायी बांधत्यात!"

*

गाळ्याच्या मागे भाड्याच्या खोल्या आहेत. त्यातल्या एकीत कोकणातली मुलं राहतात. सगळी एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच शिफ्टला. त्यातला मंगेश सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे पाला तोडायला यायचा.

एकदा जाताना तो कोवळ्या पानांची पिशवी भरून घेऊन गेला. विचारलं नाही, आणि आम्हीही बघितलं नाही. त्याला वाटलं, कोकणात पावसाळ्यात भाजी करतात त्या टाकळ्याचाच हा कुठलातरी प्रकार! पान जरा लांबट आहे, पण घाटावरचा टाकळा असा असेल. आठवण आली घरची. कांदा, लसूण, वर ओलं खोबरं घालून त्याने सगळ्या खोलीला भाजी खाऊ घातली.

सकाळी पहिल्या शिफ्टला वर्कशॉपमधली एक अख्खी लाइन गैरहजर. फोन कोणी उचलेना. आदल्या आठवड्यात ओव्हरटाइमवरून कुरबुर झालेली होतीच. सुपरवायझर ताडकन उठला आणि एचआरच्या साहेबांना घेऊनच खोलीवर आला. बाहेर सगळी पोरं भिंतीला धरून रांगेत उभी. घोषणा नाहीत, बोर्ड नाही, नुसती रांग.

"संप करताय? तुमच्या मागण्या काय आहेत?" साहेब गरजले.

मंगेश पोट धरून म्हणाला, "एकच आहे साहेब. दुसरा संडास!"

कळल्याबरोबर मी गाळ्याला कुलूप घातलं. मीठ-साखरेचं पाणी आणि डॉक्टर असं दोन्ही घेऊन मी धावले. संध्याकाळपर्यंत सगळे उठून बसले. वर्कशॉपने मात्र नोटीस लावली, ती अजून आहे म्हणे: "कामगारांनी अनोळखी पालेभाजी खाऊ नये."

*

मी राहते पिंपळे सौदागरला. आमच्या सोसायटीत जिमपासून स्विमिंग पूलपर्यंत सगळं आहे, आणि प्रत्येक गोष्टीचा एक व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. एका आठवड्यात गाळ्यात इतका दमटपणा झाला की नमुन्याच्या पाल्याला बुरशी धरेल अशी भीती वाटायला लागली. हा पाला सावलीत वाळवला तरच हिरवा राहतो. म्हणून मी थोडा घरी आणला आणि गच्चीवर सोलर पॅनेलच्या खाली चादरीवर पसरला.

दुपारी बेल वाजली. दारात दोन पोलीस! मागे चेअरमन, सेक्रेटरी आणि जिमच्या कपड्यांतली अर्धी सोसायटी.

"मॅडम, गच्चीवर गांजा वाळवताय अशी तक्रार आहे."

सासूबाई आतून ओरडल्या, "काय वाळवतेय?"

वर गेलो. पोलिसांतले जे साहेब होते, त्यांनी एक पान उचललं, चुरगाळलं, हुंगलं. मग चेअरमनकडे असं बघितलं की मला क्षणभर चेअरमनचीच दया आली.

"अहो, ही सोनामुखी आहे. माझ्या आईला लागते."

गर्दी पांगली. ग्रुपवरचे सगळे मेसेज पटापट डिलीट झाले. आणि संध्याकाळी माझ्या फोनवर एकेकाचे वेगवेगळे, खासगी मेसेज यायला लागले. मजकूर जवळजवळ सारखाच: थोडी मिळेल का? सर्वांत पहिला चेअरमनचा. खाली लिहिलं होतं, "प्लीज, ग्रुपवर टाकू नका."

*

आता जरा वेगळा किस्सा.

सोनामुखीला पाणी कमी लागतं. नुसतं कमी नाही, मुळाशी साचलेलं पाणी तिला सहनच होत नाही. मुळं कुजतात आणि रोप पिवळं पडून मान टाकतं. शेताच्या कडेने एक ओढा इंद्रायणीकडे जातो. त्यामुळे पाऊस कितीही झाला तरी आमचं पाणी निघून जायचं.

त्या वर्षी शेजारच्या बिल्डरने ओढ्यावरच कंपाउंडची भिंत घातली. पाऊस झाला, पाणी अडलं आणि उलटं आमच्या शेतात शिरलं. मी पोचले तेव्हा अर्ध्या पिकाचे फक्त शेंडे दिसत होते. दादा चिखलात उभा राहून फोनवर फोन करत होता. पलीकडून एकच उत्तर, साहेब साइटवर नाहीत. दादाने या पिकासाठी काय काय सोडलं होतं ते मला माहीत होतं. त्याचा आवाज चिरकत होता. तसा आवाज मी बाबा गेले तेव्हाच ऐकला होता.

तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, बांधावर उभ्या होत्या. काकी म्हणजे अगदी अबोल. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलल्या ते "चा घे" आणि "नीट जा" एवढंच. त्यांनी पदर खोचला, गोठ्यातून पहार आणली आणि भिंतीकडे चालायला लागल्या. आम्हाला वाटलं, बघायला चालल्यात.

पहिला घाव बसला तेव्हा कळलं!

भिंत नवी, ओली, कच्ची. विटा ढासळायला लागल्या. पलीकडून काळा टी-शर्ट घातलेला एक आडदांड माणूस धावत आला. दादा आणि मी जीव मुठीत धरून पळालो काकींकडे.

"ओ आजी! ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे!"

काकींनी पहार जमिनीत रोवली आणि कमरेवर हात ठेवून अशा आवाजात ओरडल्या की पलीकडच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली.

"मंग तुजं पानी तुज्या प्रायव्हेटमंदी ठेव की रं!"

गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. तो माणूस चक्क मागे सरला. दादाने पहार घेतली, तात्यांनी कुदळ आणली आणि भिंतीला चांगलं भगदाड पाडलं. पाणी धो धो निघालं. खालच्या बाजूचं पीक गेलं, वरचं वाचलं. बिल्डरने पुढे तिथे पाणी जायला मोठी मोरी बांधून दिली.

तात्या मात्र त्या दिवशी जेवायलाच बसेनात. सारखे म्हणत होते, "हिला बोलता येतंय व्हय?"

*

एक दलाल आहे. नाव नाही सांगत. गोड बोलतो, परफ्यूम मारतो. एकदा गाळ्यात येऊन बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या पाल्याचा टेस्ट रिपोर्ट फार सुंदर असतो. तो मला द्या."

"किती पोती घेताय?"

"पोती नको हो. रिपोर्ट!"

मला आधी समजलंच नाही. "पाला न घेता रिपोर्ट घेऊन काय करणार?"

"पाला आहे आपल्याकडे. हायवेच्या कडेला तरवड काय कमी आहे? फूल पिवळं, पान हिरवं. वाळून चुरा झाला की कोण ओळखतंय?"

"अहो, पण त्याने लोकांचं पोट साफ झालं नाही तर?"

त्याने माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की काय सांगू! "ताई, पोट साफ झालं नाही की माणूस म्हणतो, माझा कोठाच जड आहे. आणि डबल डोस घेतो!"

मी दार दाखवलं. जाताना तो माझ्याकडून पाण्याची बाटली मागून घेऊन गेला आणि म्हणाला, "विचार करा. घाई नाही."

*

हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

देवेंद्र नावाचे आमचे एक गिऱ्हाईक होते. चूर्णासाठी म्हणून माल न्यायचे. माणूस व्यवहाराला चोख, बोलायला मोकळा. कधीमधी मुलीला घेऊन यायचे. श्रुती तिचं नाव. कॉलेजात शिकणारी, गोल चेहऱ्याची, सतत हसणारी. पोत्यावर बसून मला सगळ्या मैत्रिणींच्या नकला करून दाखवायची.

एके दिवशी त्यांचाच फोन आला, चिंचवडच्या एका हॉस्पिटलमधून. श्रुती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली होती. "ताई, तुम्ही केमिस्ट आहात ना? जरा येऊन डॉक्टरांना समजावून सांगा, की हा झाडाचा पाला आहे. ते काहीतरी भलतंच म्हणतायत."

मला काही कळेना, पण गेले. श्रुती आयसीयूमध्ये होती. रक्तातलं पोटॅशियम इतकं उतरलं होतं की हृदयाचे ठोके चुकत होते. डॉक्टरांनी माझ्यापुढे एक पाकीट धरलं. वजन कमी करायचा हर्बल चहा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक लिहिले होते. पहिला, सोनामुखी.

चूर्ण वगैरे काही नव्हतंच. देवेंद्र आमच्या पाल्याचा चहा करून विकत होते!

"ही किती घेत होती?" मी तिच्या आईला विचारलं.

"घरचाच आहे ना, म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ. उन्हाळ्यापासून चाललंय," आई म्हणाली. "त्याने काय होतंय?"

मी डॉक्टरांसमोरच सांगितलं, की हा पाला चार-आठ दिवस घ्यायचा असतो, तोही पोट अडलं तर. महिनोन्महिने घेतला तर शरीरातलं पाणी आणि क्षार धुऊन नेतो. वजन कमी दिसतं ते यामुळेच. चरबीला तो हातही लावत नाही.

मला दोन मिनिटं आत सोडलं. मी श्रुतीला ओळखलंच नाही. तिने डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, "काकू, कॉलेजमध्ये सगळ्या विचारतात, तू काय घेतेस. बाबांनी सांगितलंय, आपल्या चहाचं नाव सांगायचं."

बाहेर देवेंद्र बाकावर बसून रडत होते. खोटं नाही, हमसून हमसून रडत होते. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "ताई, आजपासून बंद. देवाशपथ बंद. मला पैसा नको, माझी पोरगी पाहिजे."

दादाने त्याच दिवसापासून त्यांचा माल थांबवला. त्यांनीही मागितला नाही. श्रुती वाचली. घरी गेली, असं कळलं. मी फोन केला तर आईने उचलला. म्हणाली, बरी आहे, थोडं थोडं खाते. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

मग दिवाळीच्या आधी मी आमच्या सोसायटीखालच्या दुकानात पोहे घ्यायला गेले. काउंटरवर चहाच्या नव्या चकचकीत पाकिटांचा ढीग होता. नवं नाव, नवा रंग. वर दोन फोटो. डावीकडे 'आधी': गोल चेहऱ्याची श्रुती. उजवीकडे 'नंतर': गाल बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली श्रुती, कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. हातात चहाचा कप. कप धरलेल्या हाताच्या पाठीवर सलाईनची पांढरी पट्टी अजून तशीच.

मी पाकीट उलटं करून मागचे घटक वाचले. पहिला, सोनामुखी.

दुकानदार उत्साहाने म्हणाला, "घेऊन जा वहिनी, बिनधास्त! फोटो बघूनच लोक नेतायत. मालकाची स्वतःची मुलगी आहे!"