फुकटचा मुक्काम

नागपुरात कडे चढायचं वेड लागणं म्हणजे वाळवंटात पोहायचा नाद लागण्यासारखंच. गिट्टीच्या खाणी आणि रामटेककडच्या चार टेकड्या, एवढ्यावर आम्ही दोघांनी दोन वर्षं काढली. मी बी.एस्सी.ची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो. माझा मित्र हिंगण्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. आमच्या डोक्यात काय फिरलंय हे दोन्ही घरांना कळत नव्हतं, आणि समजावून सांगायला आम्हालाही जमत नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या मे महिन्यात त्याने बिनपगारी रजा काढली आणि मोठ्या भावाची जुनी मोटारसायकल मागून आणली. अख्खा वऱ्हाड ओलांडून सह्याद्रीपर्यंत जायचं, वाटेत दिसेल तो कडा चढायचा आणि दीड महिन्याने परत यायचं, असा बेत होता. दोर त्याचा होता, पगारातून साठवून मुंबईहून मागवलेला. भेगांत ठोकायचे चपटे खिळे मी लोहाराकडून करून घेतले होते. झोपायला एक ताडपत्री, रांधायला वातीचा स्टोव्ह. खोली भाड्याने घ्यायची नाही, हा आमचा एकमेव नियम.

नागपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये, पण त्या वर्षी आमचाही जीव मेटाकुटीला आला. पहाटे चारला निघायचं आणि नऊपर्यंत जेवढा रस्ता कापला जाईल तेवढा कापायचा. मग लिंबाखाली ओलं फडकं डोक्यावर घेऊन संध्याकाळची वाट बघत पडायचं. चढाई करायची ती उजाडताच, कारण पुढे दगडाला हात लावता येत नसे.

फुकटच्या मुक्कामात शाळेची पडवी सगळ्यात उत्तम. सुट्टी असायची, शेजारी हापशी असायची आणि विचारायला कोणी नसायचं. शाळा नसली की देऊळ किंवा कुणाचं अंगण, आणि तिथे हमखास विचारणा व्हायची. गाव कोणतं हा पहिला प्रश्न आणि आडनाव काय हा दुसरा. पहिला निव्वळ वाट करून घ्यायला असतो, खरा प्रश्न दुसराच.

मित्राचं घर बौद्ध. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा त्याचे वडील गाव सोडून, चार दिवसांची वाट पायी तुडवून कायमचे आले होते, आणि याचा जन्म पुढच्याच वर्षीचा. आडनाव विचारलं की तो सांगायचा. आवाज चढवायचा नाही आणि पाडायचाही नाही. मग समोरच्याला एकाएकी आठवायचं, की आज पाहुणे यायचे आहेत किंवा देवळात उद्या पूजा आहे. मित्र वळकटी उचलायचा आणि "चाल गा," एवढंच म्हणायचा. बारा दिवसांत असं तीनदा झालं. तिन्ही रात्री आम्ही ढेकळांत ताडपत्री टाकली. पहिल्या खेपेला मी संतापलो, दुसऱ्या खेपेला चिडलो. तिसऱ्या खेपेला माझी चिडचिड त्या गावावर होती की मित्रावर, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

तेराव्या दिवशी आम्ही अजिंठ्याच्या डोंगररांगेखालच्या एका गावात पोचलो. गावामागे काळा कडा होता. त्याच्यासाठीच आम्ही आडरस्ता धरला होता. मला दुपारपासून ऊन लागलं होतं, अंगात ताप होता आणि कुठेतरी पाठ टेकायची एवढंच कळत होतं. शाळेला कुलूप आणि पडवी पडलेली. देवळाचा मंडप मात्र झाडून-सारवून लख्ख होता, शेजारी विहीर होती. देवळाची राखण करणारा म्हातारा पायरीवर बसला होता. मित्र मागे मोटारसायकलवरचं सामान सोडत होता.

"गाव कोनतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नागपूर."

"आडनाव?"

मी माझं सांगितलं. म्हाताऱ्याची नजर मित्राकडे गेली, आणि मित्राने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "तो माझा चुलतभाऊ. आडनाव एकच."

मित्राचा हात दोराच्या गाठीवर तसाच थांबला. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीने घेतला. मनात म्हटलं, बघ, एका वाक्यात काम झालं.

म्हातारा माणूस म्हणून चांगला होता, हे जास्त वाईट. त्याने मला ताक दिलं, कपाळाला कांद्याचा रस लावला. त्याच्या बायकोने घरात पाट मांडून आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. जेवताना म्हातारा मित्राला म्हणाला, "बरं झालं घरंदाज पोरं निघालात. मागल्या साली असेच दोघं आले होते. रातभर राहिले, अन् सकाळी कळलं कोणाचे ते. समदा मंडप धुऊन काढा लागला." मित्र मान खाली घालून जेवत होता. त्याने भाकरी संपवली, ताट स्वतः उचललं, घासलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे तो खरं बोलला असता तर आमचं काय झालं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माझ्या खोटेपणाचं ओझं तो जेवणभर वाहत होता आणि मी दुसरी भाकरी मागून घेत होतो.

तो मंडपात झोपला नाही. बाहेर मोटारसायकलशेजारी जमिनीवर पडला. मी थंड फरशीवर गाढ झोपलो.

सकाळी ताप उतरला होता. कड्याखाली आलो. नेहमी तो पुढे चढायचा आणि मी खाली कमरेभोवती दोर घेऊन धरायचो. वरचा पडला तर त्याचा जीव खालच्याच्या हातात. त्याने दोर कमरेला बांधला, वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाठ सोडली.

"आज तू पुढं जा. मी धरतो."

"काहून?"

"जा म्हटलं ना."

मला कळलं. कळलं म्हणूनच ताठ्याने चढायला लागलो. दोन खिळे ठोकले, त्यांच्या कड्यांतून दोर ओवला. तिसऱ्यासाठी भेग चाचपत असताना पायाखालचा दगड निघाला आणि मी सुटलो. खिळा टिकला, पण दोर त्याच्या हातांतून सर्रकन पळाला. मग थांबला. मी जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लोंबकळत होतो. त्याने मला हळूहळू खाली घेतलं. त्याच्या दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती आणि दोराला रक्त लागलं होतं.

मी पाण्याची बाटली काढली. त्याने हात पुढे केले नाहीत.

"माह्या बापानं त्या नावासाठी गाव सोडलं," तो म्हणाला. "अन् तू ते एका रातीच्या झोपेसाठी पुसून टाकलं. मले इचारलंबी नाही."

"ताप होता रे मला. चुकलं माझं. माफ कर."

"माफी माह्यापाशी नको मागू. खाली जा अन् म्हाताऱ्याले खरं सांगून ये. मी येतो संगं. मग काय व्हाचं ते दोघांचं होऊ दे. त्याच्यानंतर मी दोर बांधतो, तू धर."

देऊळ तिथून दहा मिनिटांवर होतं. चुलीचा धूर दिसत होता, म्हातारा अंगण शिंपत होता. तो मारणार नव्हता, कदाचित ओरडलाही नसता. ज्या नजरेने तो मित्राकडे पाहणार होता, त्याच नजरेने माझ्याकडेही पाहील, एवढीच माझी भीती होती. त्यापेक्षा मोठी भीती नव्हती, हे लिहायला मला लाज वाटते.

"उन्हं चढतील," मी म्हणालो आणि खिळे पिशवीत भरायला लागलो.

मग त्याने हातांना फडकी गुंडाळली आणि मोटारसायकलचं तोंड नागपूरकडे वळवलं. मी चालवतो म्हटलं तर नको म्हणाला. दोन दिवस त्याच हातांनी त्याने मला मागे बसवून आणलं. वाटेत शाळांच्या पडव्या लागल्या. तो एकीकडे झोपला, मी दुसरीकडे.

नंदनवनातल्या आमच्या घरासमोर त्याने मला उतरवलं. इंजिन बंद केलं नाही. त्याच्या घरी मी दोन वर्षं आठवड्यातून चारदा तरी जेवत होतो. त्याच्या आईला मी न जेवता परत गेलेला चालत नसे. म्हणून सवयीनेच माझ्या तोंडून निघालं, "उद्या येतो घरी."

"येऊ नको," तो म्हणाला. "आईले मी हे सांगणार नाही. ती तुले जेवाले वाढन, अन् माह्याच्यानं ते पाहवणार नाही."