राणीचं सासर

"बाप दावा! आदी ह्येचा बाप दावा!"

जमादार खोतांच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. मागत होते ते कुत्र्याचा बाप, हे अंगणात जमलेल्या अर्ध्या गावाला ठाऊक होतं. पण मालवणात खोतांच्या अंगणात उभं राहून कोणाचाही बाप मागायचा, म्हणजे पुढच्या दोन पिढ्यांच्या कोर्टकचेरीची सोय. खोत झोपाळ्यावरून उठले, भिंतीवरच्या बंदुकीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा बसले.

"बापूस गोंयात आसा," ते म्हणाले.

त्या काळी आमच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या कुत्र्यांचे बाप गोव्यात असत. गोवा होता पोर्तुगीजांचा आणि आपल्याकडे होती दारूबंदी. एवढ्या दोन गोष्टींवर मालवणातली निम्मी घरं कौलारू झाली. होडीतून रात्री जे काही उतरायचं त्यात कधीमधी एखादं अल्सेशियन पिल्लूही उतरे. ते कोणा पोर्तुगीज कप्तानाच्या कुत्र्याचं, असं आणणारा शपथेवर सांगे. पाचदहा वर्षांत अशी गत झाली की ज्याच्या दारी पोर्तुगीज कप्तानाच्या कुत्र्याचा नातू नाही, त्याच्या घरी मुलगी द्यायला लोक कांकूं करू लागले.

ही कीर्ती घाट चढून पोलीसखात्याच्या कानावर गेली. खात्याला श्वानपथक वाढवायचं होतं. कुत्र्या होत्या, पण त्यांना तोलामोलाचा नर मिळेना. म्हणून जमादारांना त्यांच्या राणी या कुत्रीसह आमच्याकडे धाडलं. गुरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर या नात्यानं मी त्यांच्या दिमतीला लागलो. डॉक्टर होते, पण ते कायम दौऱ्यावर. मी नोकरीला लागलो तेव्हा दौऱ्यावर होते आणि निवृत्त झालो तेव्हाही परतलेले नव्हते.

जमादार म्हणजे पक्का घाटावरचा गडी. त्यांच्या खाकी अर्ध्या चड्डीला इतकी खळ असे की ती रात्री काढून ठेवली तर सकाळपर्यंत कोपऱ्यात सावधानमध्ये उभी राही. लग्न केलेलं नव्हतं. राणीला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं आणि सगळ्या जगाला ते तिची ओळख 'आमची लेक' अशी करून देत. चोरटा माल हुडकण्यात राणी कधी चुकली नव्हती. माल सापडला की उजव्या पायानं जमीन उकरायची, एवढंच. भुंकणं तिला हलकं वाटे. पण वय चाललं होतं. ती माजावर आली होती, आणि ह्या खेपेला जमलं नाही तर पुन्हा जमेल असं नव्हतं. वरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं की पिल्लं झाली नाहीत तर हिला पथकातून काढून टाकू. जमादारांना दुसरं काही नको होतं. राणीचा वंश राहावा, बस.

तेव्हा हा मुलीचा बाप स्थळं बघत हिंडत होता, आणि मी मध्यस्थ.

आता तुम्हीआम्ही माणसांची स्थळं कशी बघतो? पोहे खातो, मुंबईत खोली आहे का विचारतो आणि मुलगा रंगानं बरा असला की तिथी काढतो. जमादारांचं तसं नव्हतं. ते नवऱ्यामुलाचे दात बघत, चालवून बघत, छाती दाबून बघत, आणि सगळे बेसावध असताना त्याच्या पाठीमागे मोठा फटाका लावत. खोतांच्या वाघ्यानं म्हणे एका पोर्तुगीज शिपायाची विजार फाडली होती. फटाका वाजला तसा तो झोपाळ्याखाली शिरला आणि खोतांच्या धोतराचा सोगा तोंडात धरून रडू लागला. खोत म्हणाले, तो मालकाचं रक्षण करतोय. कसालच्या एका व्यापाऱ्यानं आपल्या कुत्र्याची पत्रिकाच मांडून ठेवली होती. कुत्रा मात्र साजूक तुपातल्या शिऱ्यावर इतका पोसलेला की त्याला दाखवायला दोघांनी उचलून आणला. जमादारांनी फटाका खिशातून काढलासुद्धा नाही. म्हणाले, ह्याला उगीच मारायचं पाप कशाला घ्या.

असे दिवस चालले होते, आणि राणीचे माजाचे दिवस तर मोजकेच. जमादार जेवेनात. तसे ते आमच्याकडे आल्यापासून जेवतच नव्हते, कारण माशांचा वास. राणी मात्र बांगडा काट्यासकट खाऊन गुटगुटीत झाली होती.

शेवटी मी मसुऱ्याच्या भामाकाकीचं नाव काढलं. जीव घट्ट करूनच काढलं, कारण भामाकाकीचं घर खाडीच्या काठावर होतं आणि खाडीच्या काठावरची घरं काय करतात हे मी सरकारी माणसाला सांगण्यातला नव्हतो. काकी एकटी बाई, पण तिच्या शब्दावर गोव्याहून सहा होड्या निघत. आणि तिच्या कप्तान नावाच्या कुत्र्याबद्दल मी बरंच ऐकलं होतं.

जमादार धोतर नेसून, छत्री घेऊन निघाले. आम्ही दोन शेतं अलीकडे होतो. वारा आमच्या पाठीवरून घराकडे वाहत होता. ओसरीवर झोपलेल्या कप्तानानं मान वर केली. भुंकला नाही. शांतपणे उठून घरात गेला. दुसऱ्या क्षणी काकी बाहेर येऊन भर दुपारी अंगण सारवायला बसली, दोन गडी गवताच्या उडवीवर आणखी गवत रचू लागले, आणि काठाची एक होडी कोणी ढकलली नसताना निघून गेली. आम्ही पोचलो तेव्हा घर इतकं सोज्वळ दिसत होतं की मला तुळशीला नमस्कार करावासा वाटला.

जमादारांनी फटाका लावला. कोंबड्या कौलांवर गेल्या, मी गटारात गेलो. कप्तानानं जांभई दिली.

जमादार त्याच्यासमोर उकिडवे बसले. दात बघितले, छाती बघितली, पाय बघितले. बाप विचारायचा राहूनच गेला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

काकीनं मला मागल्या दारी ओढलं. "मेल्या कंपाउंडरा, पोलिसाक माझ्या दारात कित्याक हाडलंस?" मी म्हटलं, सोयरीक घेऊन आलेत. ती म्हणाली, ह्यो कुत्रो माझो न्हयच. कप्तान तेव्हा तिच्या पायावर डोकं ठेवून पडला होता.

परतताना जमादार दोनदा थांबून मागे वळले. ते काही दूधखुळे नव्हते. मग म्हणाले, "पोलिसाचा वास कळतोय त्याला." मी म्हटलं, तसं दिसतं खरं. आणखी एक शेत ओलांडल्यावर म्हणाले, "मंजी नाक हाय."

मी तीन वेळा मसुऱ्याला खेपा घातल्या. काकी हळूहळू वरमाय होत गेली. वरमाय झाल्यावर बाईला जे होतं ते तिला झालं: आवाज चढला, अटी सुरू झाल्या. न्हवरो व्हकलेच्या दारी जाणा नाय, व्हकल हयसर येतली. ही व्हकल, म्हणजे नवरी, येईल तेव्हा वरपक्षाला शोभेल असे दोन शिपाई पूर्ण पोशाखात काकीच्या दारी उभे राहायला पाहिजेत, काम होईपर्यंत. जमादारांनी सगळं मान्य केलं. सरकारी कुत्रीला बंदोबस्त हवा, असं वर कळवून दोन शिपाई मिळवले.

पुढच्या आठवड्यात खाडीतून किती माल गेला ते मी सांगत नाही; तुमचा विश्वास बसणार नाही आणि मालवणच्या विहिरींची बदनामी होईल. दारूबंदीवाले सायकलवरून येत, दारात शिपाई बघत, आपल्या आधी खातं पोचलेलं आहे असं समजून पाणी पिऊन जात. एका शिपायानं तर काकीची पिंपं होडीत चढवायला हात लावला. ताक आहे, असं तिनं त्याला सांगितलं होतं.

इकडे राणी कप्तानाकडे ढुंकून बघेना. तो जवळ आला की गुरकावे. दोन दिवस असे गेले. जमादारांचा चेहरा उतरून छातीवर आला. मग काकीनं पदर खोचून अंगण रिकामं केलं. माणसांनी टक लावून बघितलं तर कोणाची मुलगी लाजणार नाही, असं तिचं म्हणणं. जमादारांना तिनं खाडीवर पिटाळलं. ते पाण्याकडे तोंड करून बसले, दोन्ही हात कानांवर. तासाभरानं काकी साखर घेऊन आली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली, प्रसाद घेतात तशी.

पण एवढ्यानं भागत नाही. एक दिवस सोडून पुन्हा जुळवावं लागतं, तर खात्री. आणि त्या मधल्या दिवशीच नवा फौजदार आला.

कप्तानानं वर्दी दिली नाही. बिचाऱ्याच्या दारात रात्रंदिवस पोलीसच उभे. किती वेळा घरात जाऊन सांगणार? त्याची सवय मोडली होती. फौजदाराच्या बुटांचा आवाज अंगणात आला तेव्हा काकी उडवीपाशी उभी होती, आणि उडवीत काय होतं ते फौजदार सोडून सगळ्यांना माहीत होतं.

फौजदारानं शिपायांना दारातून हाकललं, घर उलटंपालटं केलं. काही मिळेना. मग त्याची नजर राणीकडे गेली.

"जमादार, तुमची कुत्री सोडा."

मी जमादारांकडे बघितलं. माल सापडला असता तर काकी आत, कप्तान पांजरपोळात, आणि राणीचं जुळता जुळता राहिलेलं. नाही म्हणाले असते तर उभ्या नोकरीवर पाणी. त्यांनी वाकून स्वतःच्या हातानं साखळी काढली.

"राणी, हुडक."

राणी निघाली. विहिरीला फेरी, गोठ्याला फेरी. उडवीपाशी आली आणि थांबली. शेपटी ताठ झाली. डावा कान वळला. काकीनं तुळशीच्या कट्ट्याला हात टेकला. मी डोळे मिटले, आणि मिटले तरी मला तो उजवा पाय उचललेला दिसत होता.

उघडले तेव्हा पाय तिनं खाली ठेवला होता, उकरलं नव्हतं. तिनं जमादारांकडे एकदा बघितलं. मग ओसरीची पायरी चढून कप्तानाशेजारी जाऊन बसली आणि पंजांवर हनुवटी ठेवली.

फौजदारानं विचारलं, म्हणजे काय समजायचं? जमादार सावधानमध्ये उभे होते.

"काय न्हाई, साहेब. घर साफ हाय."

जिचा शोध कधी चुकला नाही अशा सरकारी कुत्रीनं घर साफ ठरवलं म्हटल्यावर फौजदार काय करणार? बूट वाजवत गेला.

त्या संध्याकाळी जमादार राणीला पुढ्यात घेऊन तिचे केस विंचरत बसले. काकीनं पान वाढून आणलं. आमच्या मुलखात आल्यापासून ते पहिल्यांदा पोटभर जेवले, आणि पानात बांगडा होता हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम पार पडलं. निघताना काकीनं राणीची ओटी भरली. नारळ जमादारांच्या पिशवीत टाकला आणि खण पट्ट्याला बांधला. दोन महिन्यांनी एका ट्रकवाल्यानं निरोप आणला: पाच पिल्लं, पाचही धडधाकट. काकीनं वाडीत पेढे वाटले, आणि पोलीसचौकीत दोन जास्त.

पुढे दर वर्षी भराडीदेवीच्या जत्रेला जमादार रजा काढून राणीला सासरी घेऊन येत. काकी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकी. जमादार ओसरीवर व्याह्याच्या मानानं टेकून बसत, बांगडा मागून खात. काकीचा धंदा चालू होता. कायदा, फौजदार, गांधीजयंतीची भाषणं, कशानंही तो थांबला नव्हता. थांबला तो राणीचा एक मुलगा आमच्या जिल्ह्यात नेमणुकीवर आला तेव्हा. ही बातमी ऐकली त्याच दिवशी काकीनं पिंपं फोडून परसात माडांना आळी केली. मी विचारलं तर म्हणाली, "नातू माझ्या दारात वास घेवक इलो, तर तेणां काय करूचा? सुनेक एकदा पेचात घातलंय, ता पुरे झाला."

मग एका जत्रेला ते आले नाहीत. काकी भाकरतुकडा घेऊन बराच वेळ दारात उभी होती. त्याच ट्रकवाल्यानं पुढे सांगितलं. आधी राणी गेली, आणि जमादार त्या पावसाळ्यापलीकडे राहिले नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना फोंडाघाटापर्यंत सोडायला गेलो होतो. ट्रक चहाला थांबला. राणी म्हातारी झाली होती, त्यांच्या पायावर डोकं टाकून झोपली होती. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारलं. म्हटलं, जमादार, आता नोकरी संपली, फौजदारही बदलून गेला. खरं सांगा, त्या दिवशी राणीला उडवीतला वास आला होता की नाही?

जमादारांनी बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या.

"तवा तिला सर्दी झाली व्हती," ते म्हणाले.