घासलेले राजे

१४ मार्च २००४, रविवार. ठरलेली रक्कम सहाशे डॉलर. हजर तिघं: मी, पुण्याहून आलेली माझी आई आणि बुकित पंजांग या परदेशी उपनगरातल्या आमच्या शेजारीण, आर्मेनियन वंशाच्या अ‍ॅनाबाई.

आज बायको देवाची भांडी चिंचेनं घासते आहे आणि त्या आंबूस वासानं तो दिवस पुन्हा घरात आला आहे.

अ‍ॅनाबाई मुलीकडे कायमच्या चालल्या होत्या. त्यांचं जुनं पितळी तबक मी विकत घेतलं होतं. त्यावर त्यांच्या दंतकथांमधले तीन राजे कोरलेले होते आणि बारीक रेषांत काळा रंग भरलेला होता. पैसे घ्यायला आणि तबक शेवटचं बघायला त्या आल्या. आईनं सकाळीच ते चिंच आणि रांगोळीनं तासभर घासलं होतं. तबक लखलखत होतं. राजांचे मुकुट उरले होते, रेषांतल्या काळ्या रंगाबरोबर चेहरे गेले होते.

अ‍ॅनाबाई बोटानं चाचपत राहिल्या. “मधल्याचं नाक आजोबांसारखं होतं,” त्या इंग्रजीत हळूच म्हणाल्या. “आजोबांचा फोटो नाही माझ्याकडे.”

“अरे, विचार ना, आवडलं का त्यांना?” आई हसत म्हणाली. “किती काळं पडलं होतं!”

मी विचारण्याआधी आईकडे बघून अ‍ॅनाबाईच म्हणाल्या, “सांग तिला, माझ्या आईनंही इतकं स्वच्छ घासलं नसतं.”

मी तसंच सांगितलं. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. तबक अजून भिंतीवर आहे, पण त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालतो.

अ‍ॅनाबाईंना मी सहाशे दिले. त्यातली पन्नासची एक नोट त्यांनी मेहनतीची म्हणून आईच्या हातात ठेवली. ती नोट आईनं मरेपर्यंत मोडली नाही.